लागत नाही

बाविस्कर सरांना कुष्ठरोग झाला होता, हे आमच्या विभागाला सगळ्यांत शेवटी कळलं. विभाग सूक्ष्मजीवशास्त्राचा. कोणता जंतू शरीरात कुठे घर करतो आणि काय बिघडवतो हे मुलांना शिकवून आम्ही पगार घ्यायचो, आणि आमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या माणसाचा हात कितीतरी वर्षं नुसता बघत होतो. कौतुकाने बघत होतो, हे आणखी वर.

धुळ्यातल्या एका कॉलेजात ऐंशीच्या आसपास मी लागलो तेव्हा सर विभागात सर्वांत जुने होते. विभागप्रमुख मात्र नव्हते. ते पद त्यांनी नाकारलं होतं. "त्याने तास कमी होतात," एवढंच कारण दिलं होतं. तास ही त्यांची एकुलती एक हाव. कुणी रजेवर गेलं की आम्ही बाकीचे इकडेतिकडे बघायचो आणि सर हजेरीपट उचलून चालू पडायचे. निवृत्तीच्या दिवशी शेवटचा तास घ्यायचा आणि तिथूनच घरी जायचं, निरोपसमारंभ वगैरे काही नको, असं ते मला सुरुवातीलाच म्हणाले होते. आयुष्याकडून एवढंच मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा मला ते फार थोडं वाटलं होतं.

उंच, जरा पुढे वाकलेले, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. मनगटाची गुंडी मे महिन्यातही लावलेली, आणि धुळ्याचा मे महिना काय असतो हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत. एकटेच राहायचे. लग्न झालं नव्हतं, जळगावला एक बहीण होती, तिला ते अक्का म्हणत. प्रयोगशाळेच्या दाराशी बूट काढलेले असले तर परत घालताना दोन्ही उलटे करून आपटायचे, मग वाकून आत डोकावायचे. बोट घालून चाचपत नसत, बघत. त्यावर आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. "सर, तुमच्या गल्लीत विंचू फार झालेत का?" असं मी एकदा विचारलं. "अजून दिसला नाही," म्हणाले आणि दुसरा बूट आपटला.

त्यांची बोलायची एक ठरलेली तऱ्हा होती. काहीही सांगितलं की म्हणायचे, "बरं. पुढे?" मुलाने उत्तर दिलं, बरं, पुढे? माझं लग्न ठरलं, बरं, पुढे? स्टाफरूममध्ये याची नक्कल सगळ्यांना येत होती. माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण "झालं ते झालं" म्हणून मला गप्प करत होता. सर आले, सतरंजीवर बसले. वडिलांना दवाखान्यात कसं नेलं ते मी सांगितलं. "बरं. पुढे?" ते हळू आवाजात म्हणाले. मी पुढचं सांगितलं. असं करत करत सगळं सांगून झालं. त्या तेरा दिवसांत ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारे तेवढेच एक.

आता त्यांच्या प्रश्नाबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय सर म्हणजे नुसती गुंडी आणि बूट. पुष्कळ जीवाणूंना दोन अस्तरं असतात. अस्तर हा सरांचा शब्द. पुस्तकात इंग्रजी नाव होतं, पण सर म्हणत, कपड्याला असतं तसं अस्तर, फक्त इथे दोन आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं. दोन्ही चरबीची. दोघांच्या मध्ये पाणी. या मधल्या जागेला ते गल्ली म्हणायचे. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, त्यामुळे मुलांनी तिला लगेच नंबरही देऊन टाकला, गल्ली नंबर शून्य. तर प्रश्न असा: चरबी तयार होते आत. बाहेरच्या अस्तरालाही ती लागते, नाहीतर जीवाणू जगत नाही. मध्ये पाण्याची गल्ली आहे आणि चरबी काही पाण्यात विरघळत नाही. मग तिला पलीकडे नेतं कोण?

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ते काचेच्या उंच भांड्यात पाणी घ्यायचे आणि वर शेंगदाण्याचं तेल ओतायचे. "हे तेल तळाला पोचवायचं आहे. ढवळायचं नाही. सांगा कसं." एका वर्षी मागच्या बाकावरून सुरेश पवार नावाचा मुलगा उठला. चोपड्याकडचा, घरी केळी. वर्गात तो सहसा तोंड उघडत नसे, कारण उघडलं की अहिराणीच निघायची.

"सर, वाटीमा घालीसन लई जावानं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उघड्या वाटीत पाणी शिरेल."

"झाकणनी वाटी सर."

"बरं. पुढे? वाटी पोचली पलीकडे. झाकण उघडतं कोण?"

"ते माले माहीत नई."

"मलाही नाही," सर म्हणाले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वाटी?' शेजारी लिहिलं, 'पूल?' कारण दोन्ही अस्तरं अधूनमधून एकमेकांना टेकलेली असतात आणि त्या पुलावरून चरबी जाते, असं सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून काही शास्त्रज्ञ तेव्हा म्हणत होते. दुसरे काही म्हणत होते की नमुना सुकवताना तुम्हीच ती टेकवता. सरांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. त्या वर्षापासून वर्गात वाटीवाले आणि पूलवाले असे दोन तट पडायला लागले आणि कॅन्टीनमध्ये त्यावरून वाद व्हायचे. आता म्हणतात दोन्ही आहेत, वाटीही आणि पूलही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे एवढ्या आनंदाने शिकवणारा मास्तर मी तरी पाहिला नव्हता.

हाताचं कौतुक सुरू झालं ते प्रयोगशाळेत. क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे जंतू रंगवायची एक खास पद्धत आहे. त्यांच्यावर मेणचट चरबीचं जाड कवच असतं, साधा रंग आत शिरत नाही. म्हणून काचपट्टीवर लाल रंग ओतून ती खालून तापवायची, वाफ निघेपर्यंत. काचपट्टी जाळीवर ठेवायची असते किंवा चिमट्यात धरायची असते. बाविस्कर सर ती नुसत्या बोटांत धरायचे. खाली स्पिरिटचा दिवा, वर वाफ, आणि सर शांतपणे त्या चरबीच्या कवचाबद्दल सांगतायत. मुलं श्वास रोखून बघायची. "सर, लागत नाही?" कुणीतरी विचारायचंच. "लागत नाही," सर म्हणायचे. आम्ही शिक्षकही पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला न्यायचो. तपश्चर्या आहे, असं आमचे विभागप्रमुख म्हणाले होते. खरं कारण मला पुढे सरांनीच सांगितलं. चिमटा हातात आहे की सुटला, हे त्यांना कळत नसे. बोटं निदान डोळ्यांना दिसत होती.

त्या जंतूबद्दल आम्हाला काय माहीत नव्हतं? त्याला नसा आवडतात, तो कातडी आणि नसा धरतो, मग तिथली जाणीव जाते, हे आम्ही परीक्षेला विचारायचो. पाच गुणांना.

पंच्याऐंशीच्या सुमारास सर काळे पडायला लागले. काळे म्हणजे तांबूस काळे, विटकरीला धूर लागावा तसे. महिन्यातून एकदा जळगावला जाऊन यायचे. अक्काला भेटायला, असं सांगायचे. "बहिणीच्या शेतात राबता का काय?" असं कुणीतरी म्हणालं. "ऊन आहे," सर म्हणाले. हा एका औषधाचा रंग होता आणि औषधाचं नाव आमच्या पुस्तकात होतं.

त्याच वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत एक नवीन काचपट्टी आली. कुष्ठरोगाच्या जंतूंची आमच्याकडे एकच जुनी पट्टी होती, इतकी विटलेली की त्यात जंतू आहेत हे भक्तिभावाने मानायचं. नव्या पट्टीत निळ्या पार्श्वभूमीवर लालबुंद काड्या दिसत होत्या, बिडीच्या कट्ट्यासारख्या एकाला एक लागून. बाहेरून आलेले परीक्षक डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. "सुरेख आहे. कुठून मिळवली?"

"जळगावहून," सर म्हणाले.

तिच्यावरचा नमुना सरांच्या कानाच्या पाळीतला होता. जळगावच्या दवाखान्यात त्यांनी दोन काचा घ्यायला लावल्या, एक दवाखान्याला, एक स्वतःला. स्वतःची घेऊन ते एसटीने धुळ्याला आले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दुपारी, सगळ्यांसमोर ती रंगवली. "वाया कशाला घालवायची?" असं मला म्हणाले, पण ते फार नंतर. ऐकताना मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी त्यांच्या कानाकडे बघत होतो आणि त्या पट्टीला मुलांनी किती चांगले गुण मिळवले होते ते मला आठवत होतं. दुसरं काहीच येत नव्हतं.

औषधांचा कोर्स पूर्ण झाला, सर बरे झाले, रंगही हळूहळू उतरला. हात मात्र गेला तो गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागली होती. तरी कुणाला काही कळलं नव्हतं आणि निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. ती निघाली असती. मधे सुरेश पवार आला.

तो आता शेवटच्या वर्षाला होता आणि सरांचा भक्त. एके दिवशी सर वर्गावर असताना त्याने प्रयोगशाळेत काचपट्टी बोटांत धरली, दिवा लावला आणि वाफ येईपर्यंत सोडली नाही. सोबतची मुलं म्हणत होती सोड, तर हा म्हणाला, सरांना लागत नाही, मग मला का लागावं, मनाचा प्रश्न आहे. दोन बोटं आणि अंगठा भाजला, फोड आले. परीक्षा तोंडावर होती. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील चोपड्याहून आले.

प्राचार्यांच्या खोलीत मलाही बोलावलं, कारण प्रात्यक्षिकांची जबाबदारी माझ्याकडे होती. सुरेशचे वडील, आबा म्हणत त्यांना, खुर्चीच्या कडेवर बसले होते. आवाज चढवला नाही.

"मना पोऱ्याना हात जयना, साहेब. सरनी दखाडं म्हने आसं धराले. आसं कसं शिकाडतस तुम्ही?"

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रकरणं मिटवायला आवडायचं. त्यांनी वाट आधीच करून ठेवली होती. "सर असं कसं शिकवतील, आबा? मुलाने वात्रटपणा केला. सर, तुम्ही त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं ना? तेवढं सांगा, म्हणजे झालं."

सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. सरांनी "नाही" एवढंच म्हणायचं होतं. मुलगा वात्रट ठरला असता, त्याला ताकीद मिळाली असती, आणि तास चालू राहिले असते. सरांनी मनगटाची गुंडी काढली. बाही वर केली नाही, नुसती गुंडी काढली.

"वात्रटपणा नाही. त्याने मी करतो तेच केलं," सर म्हणाले. "त्याला लागलं, कारण त्याचा हात चांगला आहे. मला लागत नाही, कारण मला कुष्ठरोग झाला होता. त्यात मनाचा काही संबंध नाही, हे त्याला कळायला पाहिजे. नाहीतर तो पुन्हा करेल."

पंखा फिरत होता. आबांनी विचारलं, "म्हंजे रगतपिती?"

"हो. औषध घेऊन बरा झालोय. आता कुणाला लागत नाही."

तेच दोन शब्द, आणि या वेळी अर्थ वेगळा. आपल्या भाषेत दुखणंही लागतं आणि रोगही लागतो. प्राचार्यांनी समोरचा चहाचा कप किंचित मागे सरकवला. आबांनी आपला चहा संपवला, सरांच्या हाताकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मंग पोऱ्याले आधीच सांगी देवानं व्हतं."

"हो," सर म्हणाले. "द्यायला हवं होतं."

सुरेशला ताकीद मिळाली नाही. पट्टी बांधून त्याने परीक्षा दिली, पासही झाला. सरांना कुणी काही बोललं नाही, हे मात्र मी शपथेवर सांगू शकतो. वाईट शब्द नाही, कुजबुज नाही. फक्त खडूंचं काहीतरी झालं. फळ्याच्या खाली खडूंचा एकच डबा असायचा, सगळ्यांनी त्यातलाच घ्यायचा. पंधरवड्यात प्रत्येक शिक्षकाच्या खिशात स्वतःचा खडू आला. विभाग सूक्ष्मजीवशास्त्राचा. बरा झालेला रुग्ण लागण देत नाही, हे वाक्य आम्ही त्याच खडूंनी फळ्यावर लिहीत होतो. सर वर्गात जाऊन डब्यातला खडू घ्यायचे. डबा भरलेला असायचा.

मग प्रात्यक्षिकं त्यांच्याकडून काढली, "हाताला त्रास नको" म्हणून. पुढच्या जूनमध्ये संस्थेच्या जळगावच्या कॉलेजात त्यांची बदली झाली. विनंतीवरून बदली, असं आम्हाला सांगण्यात आलं. तिथे हा विषयच नव्हता. त्यांना परीक्षा विभागात बसवलं. धुळ्यातला त्यांचा शेवटचा तास कोणता होता हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो घेताना तो शेवटचा आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते गेले त्या दिवशी मी घरी जेवलो, झोपलो. वाईट वाटलं ते पुढे, थोडं थोडं, आणि बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी. एकदा दाढी करताना, एकदा भाजी घेताना.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदीच्या मध्यावर, पेपर तपासायला जळगावला गेलो होतो. काम संपल्यावर त्यांच्या कॉलेजात गेलो. परीक्षा विभागाच्या खिडकीशी सर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. सुतळी दातात धरून, गाठ डाव्या हाताने. एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "काका, फॉर्म कुठे द्यायचा?" सरांनी दाखवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "इथे काका म्हणतात."

बाहेर टपरीवर चहा घेतला. त्यांनी काचेचा ग्लास डाव्या हाताने गालाला लावून बघितला, मग उजव्या हातात घेतला. मी त्यांच्यासाठी बातमी नेली होती. एका नियतकालिकात वाचलं होतं की त्या दोन अस्तरांमधल्या पाण्यातून चरबीची शेपटी असलेली प्रथिनं झाकून नेणारं एक वाहक प्रथिन सापडलंय. शेपटी पोकळीत घेतं, पलीकडे पोचवतं. मी म्हटलं, "सर, वाटी निघाली."

मला वाटलं त्यांना आनंद झाला. झाला असेलही, त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसायचं नाही.

"बरं. पुढे? ही शेपटीवाल्या प्रथिनांची झाली. नुसत्या चरबीला कोण नेतं?"

"ते अजून माहीत नाही म्हणे."

"हं," सर म्हणाले. रिकामा ग्लास टपरीवर ठेवताना म्हणाले, "हे इथे कुणाला सांगू?"

ते स्टँडपर्यंत सोडायला आले. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. इथे दुसऱ्या कुठल्याही विषयाचा, निदान पहिल्या वर्षाचा एखादा तास द्या म्हणून त्यांनी मागून बघितलं होतं. कॉलेजवाले बघू म्हणाले, असं त्यांनी सांगितलं. त्या "बघू"चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता, म्हणून त्यावर बोललो नाही. उन्हात उभे राहून आम्ही केळीच्या भावाबद्दल बोललो, ज्यातलं आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं.

धुळ्याची गाडी लागली. मी पायरीवर चढलो तेव्हा सरांनी उजवा हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला हात दिलेला मी पाहिला नव्हता. मी तो हातात घेतला. कोरडा, गार हात. वळलेली बोटं माझ्या बोटांवर बसली आणि आवळत गेली. किती आवळायचं हे त्या हाताला कळत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, तिथे काही दिसतंय का म्हणून. कंडक्टरने घंटी मारली तरी त्यांनी सोडला नाही.

"जोर जास्त होतोय का? मला अंदाज येत नाही," सर म्हणाले. "लागत असेल तर सांगा."

"नाही सर, लागत नाही," मी म्हटलं.

गाडी निघाली. एरंडोल गेलं. पारोळ्यापर्यंत बोटं ठणकत होती.